नुसते ‘काळजी घ्या’ म्हणून भागत नाही

नोकरीच्या ठिकाणी एखाद्याचे मन बिघडले, व्यसन जडले किंवा कामाची उमेदच संपली, तर सहकाऱ्यांनी आणि वरिष्ठांनी नेमके काय करावे, याविषयी गेल्या काही महिन्यांत या सदराकडे बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असा सर्व तपशील गाळला आहे. बहुतेक पत्रांत एक वाक्य कोठे ना कोठे होतेच : ‘आम्ही त्यांना काळजी घ्या असे सांगितले आहे.’ ते मनापासून म्हटलेले असते, याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्याच्यापुढे कामाचा डोंगर तसाच उभा आहे, त्याला ते ऐकून काहीही करता येत नाही. म्हणून पुढील उत्तरांत मी कामातच काय बदलता येईल, याकडे पुन्हा पुन्हा वळणार आहे.

प्रश्न : माझ्या विभागात चौदा माणसे आहेत. त्यांतील एक सहकारी नऊ वर्षे माझ्याबरोबर काम करतात आणि त्यांचे काम नेहमी चोख असते. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र त्यांच्या हिशेबात चुका निघतात, मधल्या सुट्टीत ते एकटेच बसतात, आणि परवा तर एकच ईमेल तासभर समोर उघडा ठेवून बसलेले मी त्यांना पाहिले. त्यांना विचारावेसे वाटते. पण मी डॉक्टर नाही, आणि विचारल्यामुळे भलतेच काही झाले तर, अशी भीतीही वाटते. विचारावे, की त्यांचे त्यांना सावरू द्यावे?

विचारा, आणि या आठवड्यातच विचारा. तुम्ही डॉक्टर नाही हे खरे. पण निदान करण्याचे काम तुमच्याकडे कोणी मागितलेलेही नाही. डॉक्टरांकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे : हा माणूस नऊ वर्षे कसा होता, हे तुम्ही रोज पाहिलेले आहे. मनाच्या आजाराची चाहूल बहुधा अशा तुलनेतूनच लागते. गप्पांत रमणारा माणूस गप्प झाला तर त्याला अर्थ असतो. मुळात अबोल असलेल्या माणसाच्या अबोलपणाला तसा तो नसतो. तुम्ही लिहिलेला ईमेलचा प्रसंग वाचून मी थांबले. नैराश्यात एकाग्रता, स्मरणशक्ती आणि निर्णय घेण्याची शक्ती या तिन्ही मंदावतात, त्यामुळे तीन ओळींचे उत्तर लिहायलाही माणसाला तास लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो. अर्थात तुमच्या सहकाऱ्यांना नैराश्यच आले असेल असे नाही. घरातले आजारपण, कर्ज, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, किंवा कामावरच कोणी चालवलेला छळ, यांपैकी काहीही असू शकते, आणि म्हणूनच तर्क लढवत बसण्यापेक्षा विचारणे बरे.

विचारण्यापूर्वी दोन गोष्टी सांभाळा. काचेच्या भिंती असलेल्या केबिनमध्ये त्यांना बोलावू नका. सगळा विभाग पाहत असताना कोणीही मोकळे होत नाही. आणि कामाच्या मूल्यमापनाच्या सुमारास हे संभाषण करू नका, कारण मग तुमचे प्रत्येक वाक्य त्यांना चौकशीसारखे ऐकू येईल. अर्धा तास मोकळा ठेवा, फोन बाजूला ठेवा आणि सुरुवात तुम्ही स्वतः पाहिलेल्या गोष्टीने करा. ‘तुम्ही हल्ली उदास दिसता’ हा निष्कर्ष आहे. त्यावर ‘नाही, मी ठीक आहे’ एवढे म्हटले की विषय संपतो. त्याऐवजी असे काही म्हणता येईल : ‘गेल्या महिन्यात तीन वेळा बेरजा पुन्हा कराव्या लागल्या. तुमच्या हातून असे कधी होत नाही, म्हणून मी विचारते आहे. चुकांचा जाब विचारायला बोलावलेले नाही. कसे चालले आहे?’

एवढे बोलून थांबा. थांबणे हाच या संभाषणातला सर्वांत अवघड भाग आहे, हे मी अनेक वरिष्ठांच्या तोंडून ऐकले आहे. समोरचा माणूस खाली पाहतो, पाण्याचा पेला हातात धरून नुसता फिरवत राहतो, आणि आपल्याला ती शांतता सहन न होऊन आपण एखादा सल्ला देऊन मोकळे होतो. तसे होऊ देऊ नका. बहुतेकदा पहिले उत्तर ‘काही विशेष नाही, जरा झोप होत नाही’ असे येते. झोपेविषयी बोलण्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही, म्हणून तिथूनच पुढे जावे : किती दिवसांपासून, झोप लागत नाही की पहाटेच जाग येते, दिवसा कामावर त्याचा काय परिणाम होतो.

बोलण्यात जर ‘आता सगळे संपवावेसे वाटते’ किंवा ‘मी नसलो तर बरे होईल’ अशा अर्थाचे काही आले, तर आडवळणाने न जाता स्पष्ट शब्दांत विचारा : ‘तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतात का?’ तुमची भीती बहुधा या प्रश्नाचीच असावी. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून पुढे आलेले आहे. उलट अनेकांना कोणीतरी हे उच्चारले याचाच दिलासा मिळतो. उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे सोडू नका, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नका, त्यांच्या देखत घरच्यांना फोन करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांची भेट होईल असे पाहा. धोका तातडीचा वाटला, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा.

एवढे गंभीर काही नसले, तरी बैठक नुसत्या सहानुभूतीवर संपवू नका. सध्या कोणते काम सर्वांत जड जाते, हे त्यांनाच विचारा आणि त्यातले एक काम ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याकडे द्या; महिनाअखेरचा ताळेबंद दोन महिने दुसऱ्याने करणे, ही मदत त्यांच्या दिवसात प्रत्यक्ष दिसते. पुढच्या भेटीची तारीख तेथेच ठरवा आणि ती पाळा. इतरांनी विचारले, तर ‘कामाची वाटणी थोडी बदलली आहे’ यापलीकडे एक शब्दही सांगू नका.

प्रश्न : मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. गेल्या वर्षी आम्ही ध्यानाचे वर्ग घेतले, ताणतणाव व्यवस्थापनावर व्याख्याने ठेवली, सर्वांना एक ॲप दिले आणि आठवड्यातून दोन दिवस समुपदेशकांची सोय केली. वर्गांना गर्दी होते, पण समुपदेशकांकडे वर्षभरात मोजून चार माणसे गेली, आणि राजीनामे तर थांबलेले नाहीत. आमचे काय चुकले?

तुमची तळमळ पत्रातून दिसते, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही माणसांना ताण सोसायला शिकवलेत, पण ताण जेथून येतो तेथे हात घातला नाही.

२०२४ मध्ये ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ध्यानाचे वर्ग, ताण सोसण्याचे प्रशिक्षण, ॲप अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले कर्मचारी यांच्या मनःस्वास्थ्याची त्यात तुलना केली होती, आणि भाग घेतलेल्यांची स्थिती अधिक बरी असल्याचे आढळले नाही. ध्यान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी घेत नाही. ज्याला त्यातून शांत वाटते, त्याने ते जरूर करावे. पण रोज तीन माणसांचे काम एकट्याने करणाऱ्याला दुपारी वीस मिनिटे डोळे मिटायला सांगितले, तर त्याचे काम वीस मिनिटांनी मागे पडते, एवढेच होते.

कामातले नेमके काय माणसाला पोखरते, यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. नुसत्या जास्त कामाने माणूस तितका खचत नाही. काम जास्त आणि ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा मात्र नाही, या जोडीने तो खचतो. पुढे १९९६ मध्ये योहानेस सीग्रिस्ट यांनी दुसरी बाजू दाखवली : माणूस ओततो किती आणि त्याच्या पदरी पैसा, मान, बढती, नोकरीची शाश्वती यांपैकी पडते किती, यातली तफावत वाढली की आजारपण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ला आजार मानलेले नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे, आणि तिची व्याख्या करताना ‘कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळला गेलेला ताण’ असे मूळ सांगितले आहे. सतत गळून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे, ही त्याची तीन अंगे. याच संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत कामाच्या रचनेतील बदल आणि वरिष्ठांचे प्रशिक्षण यांवर भर आहे.

हे खर्चिक वाटत असेल, तर त्याच वर्षी या संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर दिलेला अंदाज तुमच्या व्यवस्थापनापुढे ठेवा : नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात.

आता समुपदेशकांविषयी. त्यांची खोली कोठे आहे? माझा अंदाज असा, की ती तुमच्याच विभागाच्या शेजारी आहे आणि भेटीची वेळ तुमच्याच विभागातून घ्यावी लागते. तसे असेल, तर चार माणसे गेली हेच पुष्कळ. ज्या विभागाच्या हाती बढती आणि बदली आहे, त्याच्या दारावरून जाऊन कोणी आपले मन मोकळे करणार नाही. वेळ थेट समुपदेशकांकडून घेता यावी, भेट कार्यालयाबाहेर किंवा फोनवर व्हावी, आणि कंपनीला फक्त एकूण संख्या कळावी, नावे नाहीत, हे लेखी जाहीर करावे. त्यातला अपवादही लपवू नये : कोणाच्या जिवाला धोका असेल, तर समुपदेशक गोपनीयता बाजूला ठेवतात, हे आधीच सांगितलेले असले म्हणजे विश्वास टिकतो.

यंदा एकच गोष्ट करायची असेल, तर राजीनामे सर्वाधिक आलेल्या एका विभागात जाऊन बसा. तेथील माणसांना त्यांच्या वरिष्ठांच्या गैरहजेरीत विचारा, की आठवड्यातील कोणती तीन कामे त्यांना निरर्थक वाटतात, कोणती मुदत नेहमीच अशक्य असते आणि कोणत्या निर्णयात त्यांना बोलू दिले जात नाही. जे सांगतील, त्यातले किमान एक महिन्याभरात बदला आणि ‘तुम्ही सांगितले म्हणून बदलले’ असे त्यांना कळवा. पुढच्या वेळी ते अधिक खरे बोलतील.

प्रश्न : आमचे साहेब रात्री अकरानंतर ग्रुपवर मेसेज टाकतात. ‘लगेच उत्तर द्या असे मी कधीच म्हणत नाही’ असे ते म्हणतात, आणि ते खरेही आहे. तरीही मला झोप लागत नाही. मी अति विचार करतो आहे का?

नाही. उत्तराची सक्ती नसली, तरी मेसेज वाचला की डोके पुन्हा कामाला लागते, आणि झोपेसाठी मनाने कामापासून सुटणे आवश्यक असते. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला, तो याच कारणाने. साहेबांना एवढेच सुचवा, की रात्री सुचलेले त्यांनी तेव्हाच जरूर लिहावे, पण ते सकाळी पोहोचेल अशी वेळ लावून ठेवावी. आणि खरोखरच तातडीचे असेल तर फोन करावा. त्यांचा हेतू चांगला आहे असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा ते ऐकतील असे मला वाटते. तोवर रात्री त्या ग्रुपचा आवाज बंद ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : नैराश्यामुळे मी तीन महिने रजेवर होते. उपचार चालू आहेत आणि आता पुष्कळ बरे वाटते. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे आहे, पण पोटात गोळा येतो. सहकाऱ्यांना काय सांगू? वरिष्ठांना आजाराचे नाव सांगावे का? पूर्वीसारखे काम जमले नाही तर?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची धास्ती बहुधा त्यातूनच आलेली आहे. पहिल्या आठवड्यात पूर्वीसारखे काम जमणार नाही, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. नैराश्यातून बाहेर येताना मनाची उदासी आधी कमी होते आणि एकाग्रता व कामाचा वेग बऱ्याचदा मागाहून येतात. हे ठाऊक नसले, की माणूस एका अडखळलेल्या दिवसावरून ‘आजार परतला’ असा अर्थ काढतो. म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ, पूर्ण भार असे न करता टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची व्यवस्था मागून घ्या : सुरुवातीला अर्धा दिवस, मग दर आठवड्याला थोडी वाढ, आणि चौथ्या किंवा पाचव्या आठवड्यात पूर्ण वेळ. तुमच्या डॉक्टरांकडून तसे पत्र घेता येते. पहिल्या दोन आठवड्यांत ज्या कामाचा शेवट त्याच दिवशी दिसतो, असे काम मागा. संध्याकाळी एक पूर्ण झालेली गोष्ट मागे ठेवून घरी जाण्याचा जो आधार मिळतो, तो कोणाच्या शाबासकीने मिळत नाही. साचलेल्या तीन महिन्यांच्या ईमेलच्या ढिगाला मात्र एकट्याने हात घालू नका; त्यातले कोणते अजून जिवंत आहेत, हे तुमचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्याबरोबर बसून तासाभरात वेगळे करता येईल.

वरिष्ठांना आजाराचे नाव सांगावे की नाही, हे तुमच्या त्यांच्यावरील विश्वासावर अवलंबून ठेवा. नाव न सांगताही त्यांना उपयोगी पडेल असे पुष्कळ सांगता येते : ‘सकाळच्या औषधामुळे दहापर्यंत सुस्ती असते, त्यामुळे महत्त्वाच्या बैठका अकरानंतर ठेवता आल्या तर बरे’, ‘तोंडी सूचना निसटतात, त्या लिहून मिळाव्यात’, ‘दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे जावे लागेल’. निदानापेक्षा ही माहिती त्यांच्या जास्त कामाची आहे. सहकाऱ्यांसाठी एक वाक्य आधीच ठरवून ठेवा आणि ते घरी एकदा मोठ्याने म्हणून पाहा : ‘तब्येत बरी नव्हती, आता सुधारते आहे, विचारल्याबद्दल बरे वाटले.’ त्यापुढे खोदून विचारणाऱ्याला तेच वाक्य पुन्हा सांगितले, तरी चालते.

बरे वाटते म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही आजार उलटू नये म्हणून ती साधारणपणे किमान सहा महिने चालू ठेवतात. एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. रुजू झाल्यावर धावपळीत डॉक्टरांची भेट चुकते, तेव्हा पुढच्या दोन महिन्यांच्या तारखा आत्ताच घेऊन ठेवा.

प्रश्न : मी कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्या पाळीतील एक निष्णात कामगार सकाळी येतो तेव्हाच त्याच्या तोंडाला दारूचा वास असतो. बाकीचे त्याला यंत्रापासून दूर ठेवतात, त्याचे काम उरकतात, उशीर झाला तर सांभाळून घेतात. वर कळवले, तर त्याची नोकरी जाईल आणि त्याची मुले लहान आहेत. आजपासून सोड म्हणून आम्ही त्याला शपथही घातली. आणखी काय करावे?

तुमच्या पाळीतील माणसांनी त्याच्यावर माया केली आहे, हे आधी मान्य करते. पण त्या मायेने त्याचा आजार झाकला गेला आहे. दारूचे व्यसन हा उपचार होऊ शकणारा आजार आहे, आणि काहीच बिघडत नाही असे रोज दिसत राहिले, तर उपचाराला जाण्याचे कारण त्या माणसाला सापडत नाही. शिवाय रात्री उशिरापर्यंत घेतलेली दारू सकाळपर्यंत रक्तात असू शकते; यकृत ती आपल्याच गतीने काढून टाकते, कॉफी किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही. त्यामुळे ‘आज तो बरा दिसतो’ म्हणून त्याला यंत्रावर उभे करू नका. त्याचा हात अडकला, किंवा त्याच्यामुळे दुसऱ्याचा अडकला, तर ही सगळी सांभाळून घेणारी माणसे तो दिवस जन्मभर विसरणार नाहीत.

तुमच्या पत्रातील शपथेची गोष्ट वाचून मला काळजी वाटली. जो रोज भरपूर पितो, त्याने एकाएकी पूर्ण बंद केली, तर काही तासांतच हात थरथरणे, घाम येणे, मळमळणे सुरू होते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे घेऊन. ही गोष्ट त्याला आणि त्याच्या घरच्यांना आजच सांगा.

त्याच्याशी बोलाल ते तो प्यायलेला नसताना बोला, आणि तारीखवार लिहिलेल्या गोष्टी समोर ठेवा : कोणत्या दिवशी किती उशीर, कोणत्या दिवशी वास, कोणत्या दिवशी यंत्र दुसऱ्याने चालवले. ‘तू दारुडा झालास’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तो ऐकला की माणूस भांडतो किंवा उठून जातो. सांगायचे ते एवढेच : या अवस्थेत यंत्रावर उभे राहता येणार नाही, पण उपचार घेतलेस तर तुझी जागा राखण्यासाठी मी झगडेन. ‘हे आजपासून झाकले जाणार नाही’ हेही त्याच बैठकीत सांगा. नंतर कारखान्याचे डॉक्टर असतील तर त्यांच्यामार्फत, नसतील तर थेट, व्यवस्थापनाकडे जा, आणि तक्रार म्हणून न जाता उपचाराची रजा मागायला म्हणून जा. चांगला कारागीर पुन्हा घडवायला किती वर्षे लागतात, हे व्यवस्थापनाला तुम्ही सांगितलेत तर ते ऐकून घेतील. परत आल्यावर काही महिने त्याला दिवसपाळीच द्या आणि दर आठवड्याला दहा मिनिटे त्याच्याशी बोला. एकदा पाय घसरला, तर त्या दिवशी यंत्र बंद आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टर, हे त्याच्याशी, त्याच्या पत्नीशी आणि डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कोणाला घाईत निर्णय घ्यावा लागणार नाही.